जेलीफिन : झाडीपट्टीतल्या एका घराचा स्वतःचा चित्रसंग्रह

आपल्या मालकीच्या चित्रफिती, गाणी आणि छायाचित्रे एका संगणकावर लावून ठेवायची आणि घरातल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर हवी तेव्हा पाहायची, हे जेलीफिन या सॉफ्टवेअरचे मुख्य काम आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या घरी ते गेल्या धानाच्या हंगामापासून रोज चालू आहे. ज्या घरात इंटरनेटचा भरवसा नाही, पण जुन्या सीडी, कॅसेटी, पेनड्राइव्ह आणि मोबाइलमधली रेकॉर्डिंगे भरपूर आहेत, त्या घरासाठी याहून चांगला पर्याय मला सापडलेला नाही. मात्र हे सॉफ्टवेअर फक्त कपाट देते. पुस्तकांना क्रमांक घालून ती जागच्या जागी लावणारा ग्रंथपाल घरातल्याच कोणाला तरी व्हावे लागते, आणि तेवढा वेळ देण्याची तयारी नसेल तर जेलीफिन बसवून फारसा उपयोग होणार नाही.

ओटीटीची वर्गणी भरली की प्रश्न मिटला, असे शहरातल्या नातेवाइकांना वाटते. आमच्याकडे वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही संपते, आणि टॉवर चालू असला तरी रोजच्या दीड-दोन जीबीमध्ये मुलांचा अभ्यास, धानाचे बाजारभाव आणि व्हॉट्सॲप भागवून चित्रपटासाठी काही उरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आमच्या घरात जे पुन्हा पुन्हा पाहिले जाते, ते त्या सेवांवर मिळतच नाही. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती लागतात, आणि त्या निमित्ताने रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या भागाची, नाटके होतात. या नाट्यमंडळांचे मोठे केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. अशा नाटकांची मंडळांच्या परवानगीने केलेली रेकॉर्डिंगे, दंडार आणि खडी गंमत हे इथले लोकनाट्यप्रकार, घरातल्या लग्नांच्या कॅसेटी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची ध्वनिमुद्रणे आणि थोड्याफार विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी हा आमचा सगळा ऐवज आहे. जेलीफिनमध्ये सर्व्हर, म्हणजे फाइली साठवून इतर यंत्रांना पुरवणारा संगणक, आणि टीव्ही दोन्ही घरातल्याच वायफायवर असतात. राउटर इन्व्हर्टरवर घेतला की बाहेरचे इंटरनेट असो वा नसो, नाटक थांबत नाही.

या सॉफ्टवेअरचा उगम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे पैसे मागतील का, ही शंका गावात सर्वप्रथम विचारली जाते. एम्बी नावाचा असाच एक सर्व्हर पूर्वी मुक्त स्वरूपात होता. २०१८ मध्ये त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, लोकांसाठी बंद झाला, तेव्हा त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये काही स्वयंसेवकांनी शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून जेलीफिन वेगळे काढले. ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, त्यासाठी कोणत्याही कंपनीकडे खाते काढावे लागत नाही, आणि पैसे भरल्यावरच उघडणारी अशी एकही सोय त्यात नाही. त्याच्या तुलनेत प्लेक्स हे नाव अधिक प्रसिद्ध आहे आणि ते दिसायलाही अधिक सफाईदार आहे. पण त्यात सर्व्हर सुरू करताना कंपनीच्या खात्यातून प्रवेश करावा लागतो, हार्डवेअरच्या मदतीने होणारे ट्रान्सकोडिंग (फाइलचा प्रकार चालता चालता बदलणे) सशुल्क आहे, आणि एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून घराबाहेरून आपलेच चित्रपट पाहण्यासाठीही वर्गणी लागते. त्याच वेळी आजीवन वर्गणी सुमारे १२० डॉलरवरून सुमारे २५० डॉलरवर गेली. कोडी हे तिसरे नाव ऐकण्यात येते. ते उत्तम आहे, पण ते मुळात एका टीव्हीला जोडलेल्या एका यंत्रावर चालणारे प्लेअर आहे. ओसरीतल्या टीव्हीवर अर्धवट राहिलेले नाटक माडीवरच्या मोबाइलमध्ये नेमक्या त्याच ठिकाणाहून पुढे सुरू व्हावे, अशी अपेक्षा असेल तर सर्व्हरच लागतो.

यंत्रासाठी नवीन संगणक घेण्याची गरज नाही. नागपूरच्या सीताबर्डीत कार्यालयांमधून निघालेले जुने छोटे संगणक मिळतात, त्यांपैकी एखादा या कामाला पुरतो. निवडताना प्रोसेसरची पिढी मात्र पाहून घ्यावी. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या अंतर्गत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरमध्ये १० बिट एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबून साठवलेली चित्रफीत उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे. सहाव्या पिढीत ती ८ बिटांपर्यंतच पूर्णपणे चालते. दुकानदार रॅमचे आणि हार्ड डिस्कचे आकडे उत्साहाने सांगतात, पिढीचा आकडा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. रास्पबेरी पाय हे छोटे बोर्ड अनेकांना सुचते, पण जेलीफिनचे मार्गदर्शनच त्याची शिफारस करत नाही, आणि पाय ५ मध्ये तर व्हिडिओ एन्कोड करणारे हार्डवेअरच नाही. छोटा संगणक काम नसताना १० ते १५ वॅट घेतो, असे धरले तर दिवसरात्र चालू ठेवूनही महिन्याचा खर्च सुमारे ११ युनिटांच्या आत राहतो. इन्व्हर्टरवर राउटर, संगणक आणि टीव्ही असे तिन्ही घेता येतात. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४६ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हा संगणक टिनाच्या छपराखाली किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नये. जुन्या मातीच्या घरातली आतली खोली त्याला सगळ्यांत मानवते. फक्त त्याच जाड भिंती वायफाय अडवतात, म्हणून राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची केबल ओढणे शहाणपणाचे ठरते.

सर्व्हर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर बसतो. बसवून झाल्यावर ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा पत्ता आणि ८०९६ हा पोर्ट क्रमांक घातला की स्वागताची पाने येतात : भाषा निवडायची, प्रशासकाचे नाव आणि पासवर्ड ठरवायचा, लायब्ररी (फाइलींचे विषयवार गट) जोडायच्या, बाहेरून प्रवेश द्यायचा की नाही ते सांगायचे, आणि काम झाले. एवढा भाग कोणीही अर्ध्या तासात उरकू शकतो. लिनक्सवर एक अडचण हमखास येते, ती आधीच माहीत असलेली बरी. सर्व्हर ‘जेलीफिन’ नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालतो, त्यामुळे आपण लॉगिन केल्यावर आपोआप जोडली जाणारी यूएसबी हार्ड डिस्क आपल्याला दिसते, पण सर्व्हरला ती उघडता येत नाही आणि लायब्ररी रिकामीच राहते. डिस्क कायमच्या ठरलेल्या जागी जोडली जाईल अशी नोंद एफएसटॅब या फाइलमध्ये करून त्या फोल्डरचे वाचनाचे अधिकार दिले की प्रश्न सुटतो. राउटरमध्येही या संगणकासाठी एकच पत्ता राखून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि टीव्ही सर्व्हर शोधत बसतो.

खरे काम लायब्ररी लावताना सुरू होते. प्रत्येक लायब्ररीला एक प्रकार द्यावा लागतो : चित्रपट, मालिका, संगीत, पुस्तके, घरगुती चित्रफिती व छायाचित्रे, म्युझिक व्हिडिओ किंवा मिश्र. हा प्रकार फोल्डरमधल्या फाइलींचा अर्थ कसा लावायचा ते ठरवतो, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये सगळे टाकून ‘मिश्र’ निवडण्याचा मोह टाळावा. त्या प्रकारात ओळख सर्वांत जास्त चुकते. चित्रपटाचा नियम सोपा आहे : प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर, फोल्डरचे आणि फाइलचे नाव एकच, आणि नावापुढे गोल कंसात प्रदर्शनाचे वर्ष. वर्ष घालण्याचा कंटाळा करू नये, कारण एकाच नावाचे मराठी, हिंदी आणि दाक्षिणात्य चित्रपट बरेच आहेत आणि वर्षाशिवाय सर्व्हर भलत्याच चित्रपटाचे पोस्टर आणून लावतो. तरीही गोंधळ झाला तर ‘ओळखा’ या पर्यायातून हाताने योग्य चित्रपट निवडता येतो, किंवा टीएमडीबी या माहितीकोशातला क्रमांक फोल्डरच्या नावात चौकोनी कंसात लिहिला की सर्व्हर दुसरीकडे पाहतच नाही. मालिकेसाठी मालिकेचा फोल्डर, त्यात सीझनचा फोल्डर आणि फाइलच्या नावात सीझन व भाग यांचे दोन-दोन अंकी आकडे लागतात. जुन्या दूरदर्शन मालिकांचे भाग ज्यांनी ‘भाग एक’, ‘भाग दोन’ अशा नावांनी साठवले आहेत, त्यांना ती नावे बदलावी लागतील.

पोस्टर, कथासार, कलाकार ही माहिती टीएमडीबी आणि ओएमडीबी या कोशांमधून येते, गाण्यांसाठी म्युझिकब्रेन्झ आहे. त्यासाठी त्या वेळेपुरते इंटरनेट लागते. एकदा माहिती आली की पुढे नाही. हिंदी आणि इंग्रजी चित्रपटांच्या बाबतीत ही व्यवस्था थक्क करणारी आहे : डीव्हीडीवरचा चित्रपट फोल्डरमध्ये टाकला की काही क्षणांत पोस्टरसह पडद्यावर दिसतो. मराठी चित्रपटांच्या बाबतीत चित्र निम्म्यावर येते. माहितीची भाषा मराठी आणि देश भारत ठेवला तरी मराठीतले कथासार अनेकदा मिळत नाही, आणि चित्रपटांची नावे काही देवनागरीत तर काही रोमनमध्ये येऊन यादी विस्कळीत दिसते. झाडीपट्टीच्या नाटकांच्या बाबतीत तर या कोशांचा उपयोग शून्य आहे. तिथे ते नुसते निरुपयोगी नसून अपायकारकही ठरतात, कारण नाटकाचे नाव एखाद्या चित्रपटाशी जुळले की सर्व्हर त्या चित्रपटाच्या नायिकेचे छायाचित्र आमच्या नाटकावर चिकटवून मोकळा होतो.

नाटकांसाठी म्हणून मी स्वतंत्र लायब्ररी केली आहे. तिचा प्रकार ‘घरगुती चित्रफिती’ ठेवावा असे प्रथमदर्शनी वाटते, पण त्यात माहितीची पाने आटोपशीर दिसत नाहीत. त्यापेक्षा प्रकार ‘चित्रपट’ ठेवून माहिती आणणारे सगळे स्रोत त्या लायब्ररीपुरते बंद करावेत. म्हणजे वर्ष, वर्णन, कलाकार, लेखक, दिग्दर्शक, टॅग हे सारे रकाने मिळतात आणि बाहेरून काहीही येऊन चिकटत नाही. वर्णनात आम्ही नाट्यमंडळाचे नाव, प्रयोगाचे गाव, मंडई की शंकरपट हे निमित्त आणि रेकॉर्डिंग कोणी केले हे लिहितो. कलाकारांच्या रकान्यात नटांची नावे आणि भूमिका. एकदा नाव नोंदले की त्या नटाच्या नावावर टिचकी मारून त्याची आपल्याकडची सगळी नाटके एकत्र पाहता येतात. मुलांच्या आबाजींना ही सोय एवढी आवडली आहे की कोणत्या नाटकात कोण होते, यावरून रात्री जेवताना होणारे वाद आता टीव्हीसमोर सोडवले जातात. पोस्टर म्हणून मंडळाच्या जाहिरातीच्या फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो चालतो. हे करताना लायब्ररीच्या सेटिंगमध्ये दोन चौकटी जरूर भराव्यात : माहिती एनएफओ फाइलमध्ये साठवण्याची आणि चित्रे माध्यमांच्या फोल्डरमध्येच ठेवण्याची. त्यामुळे आपण टंकलेली माहिती सर्व्हरच्या पोटात अडकून न राहता नाटकाच्या शेजारी साध्या फाइलच्या रूपात राहते. उद्या संगणक बदलला, विंडोजवरून लिनक्सवर गेलो, किंवा ते फोल्डर भावाला दिले, तरी ती सोबत जाते. भरलेल्या नोंदीला कुलूप लावण्याची चौकट असते, तीही लावावी.

रात्रभर चालणाऱ्या नाटकामुळे आणखी तीन गोष्टी ध्यानात येतात, ज्या दोन-अडीच तासांच्या चित्रपटात कधी जाणवत नाहीत. पहिली म्हणजे अनेक कॅमेरे दर ४ जीबीला फाइल तोडतात, कारण एफएटी३२ पद्धतीच्या कार्डावर त्याहून मोठी फाइल मावत नाही. फाइलींच्या नावाच्या शेवटी ‘पार्ट’ हा शब्द आणि क्रमांक रोमन लिपीत जोडला की जेलीफिन ते सगळे तुकडे एकच नाटक म्हणून दाखवते आणि ओळीने चालवते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अर्धवट पाहिलेले पुढे सुरू करण्यासाठी सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के आणि ९० टक्के अशा दोन मर्यादा धरतो : ५ टक्क्यांच्या आत थांबलात तर ते पाहिलेच नाही, आणि ९० टक्क्यांच्या पुढे थांबलात तर ते पूर्ण पाहिले, असे तो समजतो. चित्रपटाला हे ठीक आहे, कारण शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत श्रेयनामावलीच असते. सहा तासांच्या नाटकात मात्र पहिले ५ टक्के म्हणजे १८ मिनिटे आणि शेवटचे १० टक्के म्हणजे ३६ मिनिटे होतात, आणि झाडीपट्टीच्या नाटकात सगळे रडणे-भेकणे, खलनायकाचे पारिपत्य आणि गैरसमजांचा उलगडा त्या शेवटच्या ३६ मिनिटांतच असतो. डॅशबोर्डमधल्या, म्हणजे प्रशासकाच्या सेटिंगमधल्या, प्लेबॅकच्या पानावर हे आकडे १ आणि ९८ करून घ्यावेत. तिसरी गोष्ट म्हणजे सरकपट्टीवर बोट फिरवताना दिसणारी छोटी चित्रे. मे २०२४ मध्ये आलेल्या १०.९ या आवृत्तीपासून ट्रिकप्ले या नावाने ही सोय जेलीफिनमध्येच आली. ती लायब्ररीनिहाय चालू करावी लागते आणि मूळ सेटिंगनुसार दर १० सेकंदांना एक चित्र तयार होते. सहा तासांच्या नाटकाची २,१६० चित्रे होतात. विनोदी नटाचा प्रवेश किंवा एखादी लावणी नेमकी शोधायची असेल तर याशिवाय गत्यंतर नाही, पण ती तयार करताना संगणक तापतो, म्हणून उन्हाळ्यात हे काम वेळापत्रकातून पहाटेच्या वेळेवर ढकलावे.

देवनागरीच्या बाबतीत जेलीफिन अजून कच्चे आहे. फाइलींची आणि नाटकांची नावे देवनागरीत बिनधोक ठेवता येतात, शोधही देवनागरीत लागतो. पण यादीच्या कडेला असलेली अक्षरांची पट्टी फक्त रोमन वर्णमालेची आहे. तिच्यावर ‘क’ किंवा ‘म’ दाबून थेट त्या अक्षरावर जाता येत नाही, आणि मिश्र यादीत देवनागरी नावे सगळ्यांच्या शेवटी जातात. क्रमवारीसाठीच्या नावाचा वेगळा रकाना असतो, त्यात रोमन लिपीत नाव लिहिणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. वापरकर्त्याच्या भाषांमध्ये मराठी निवडता येते, मात्र पुष्कळ ठिकाणी इंग्रजी शब्द तसेच राहतात. भाषांतर वेबलेट या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात, तेव्हा ज्या मराठी शिक्षकांना सुटीत थोडा वेळ असतो त्यांनी तिकडे पाहायला हरकत नाही. मराठी सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये असेल तर तिच्या नावात मराठीचे ‘एमआर’ हे दोन अक्षरी चिन्ह रोमनमध्ये घालावे, म्हणजे ती मराठी म्हणून ओळखली जाते. फाइल युनिकोडमध्येच साठवलेली हवी; जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात.

भजनांच्या आणि गाण्यांच्या लायब्ररीत फाइलच्या नावापेक्षा एमपी३ मध्ये आत लिहिलेल्या टॅगला महत्त्व आहे, आणि गावातल्या मोबाइल दुकानातून पेनड्राइव्हवर भरून घेतलेल्या गाण्यांच्या टॅगमध्ये गायकाच्या जागी कोणत्या तरी संकेतस्थळाचे नाव असते. ते टॅग एखाद्या टॅग संपादकाने दुरुस्त केल्याशिवाय ही लायब्ररी उघडूच नये, एवढी विद्रूप दिसते.

आता चालण्याविषयी. टीव्हीला किंवा मोबाइलला फाइलचा प्रकार समजत असेल तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो आणि संगणकावर जवळजवळ काहीच भार पडत नाही. समजत नसेल तर तो एफएफएमपेग या सोबतच्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने ती त्याच क्षणी बदलून पाठवतो; यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात आणि यातच संगणकाची परीक्षा होते. एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी ऑडिओ असलेली एमपी४ फाइल जवळपास सगळीकडे चालते. जुन्या डीव्हीडींमधला एमपीईजी-२ मात्र ब्राउझरमध्ये थेट चालत नाही. लग्नाच्या कॅसेटींवरून केलेल्या चित्रणात हालचाल झाली की आडव्या रेषा दिसतात, कारण ते चित्रण एकाआड एक ओळींचे असते, आणि त्या रेषा जेलीफिन ट्रान्सकोडिंगच्या वेळीच काढते; फाइल थेट गेली तर ते काम टीव्हीवर सोपवलेले असते. म्हणून घरातला जुना ऐवज एकदाच हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून रेषा काढून, एच.२६४ मध्ये बदलून मगच लायब्ररीत टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीसीडीचे चित्र मुळातच ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे आहे, ते कितीही बदलले तरी मोठ्या टीव्हीवर फिकटच दिसणार. त्यावर वेळ घालवू नये. मूळ कॅसेटी मात्र टाकून देऊ नयेत. जागेचा हिशोब करायचा तर सेकंदाला ५ मेगाबिट या दराने सहा तासांचे नाटक साडेतेरा जीबी होते, म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर अशी शंभराहून जास्त नाटके सहज मावतात.

अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही, एलजीचे वेबओएस टीव्ही, अँड्रॉइड आणि आयफोन यांसाठी जेलीफिनची ॲप आहेत. ज्या टीव्हीवर ॲप मिळत नाही, त्याच्या एचडीएमआयमध्ये अँड्रॉइड टीव्हीची स्टिक लावणे हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. टीव्हीच्या रिमोटने पासवर्ड टंकणे ही शिक्षाच असते. त्यासाठी क्विक कनेक्ट आहे, टीव्हीवर सहा अंकी आकडा येतो आणि तो मोबाइलवर आधीच उघडलेल्या खात्यात घातला की टीव्ही सुरू. घरातल्या प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे, कारण कोणी किती पाहिले याची नोंद खात्यानुसार राहते. आबाजींच्या खात्याला पासवर्ड ठेवलेला नाही आणि त्यांना फक्त नाटके व भजने दिसतात. मुलांच्या खात्यात वयोमर्यादेचे बंधन आहे, आणि वर्गवारी नसलेल्या गोष्टी अडवण्याची चौकटही आहे. मात्र आपल्या नाटकांना कोणतीच वर्गवारी नसते, त्यामुळे ती चौकट सरसकट लावली तर मुलांना नाटकेही दिसेनाशी होतात. प्रत्येक नाटकाला आपण वर्गवारी लिहावी किंवा लायब्ररीनिहाय परवानगी द्यावी. आईने पहिल्यांदा टीव्हीवर गावच्या मंडईतले नाटक पोस्टरसकट पाहिले, तेव्हा ‘बाप्पा, हे तं आपलंच नाटक टीव्हीत आलं’ एवढेच ती म्हणाली, आणि त्यानंतर तिला रिमोट कसा वापरायचा हे कोणाला शिकवावे लागले नाही.

घराबाहेरून पाहण्याची सोय हवी असेल तर ग्रामीण जोडण्यांमध्ये एक मूलभूत अडथळा आहे. बहुतेक मोबाइल आणि अनेक फायबर जोडण्यांमध्ये कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटते, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरून आत येता येत नाही. आणि येता येत असले तरी सर्व्हर असा थेट उघड्यावर ठेवणे योग्य नाही. टेलस्केल हे वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर आधारलेले खाजगी जाळे वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे. ते सर्व्हरवर आणि पुण्यातल्या भावाच्या मोबाइलवर बसवले की दोघे जणू एकाच घरात असल्यासारखे जोडले जातात. आपल्या जोडणीचा अपलोडचा वेग कमी असतो, म्हणून डॅशबोर्डमध्ये बाहेरच्या प्रवाहाची बिटरेट मर्यादा सेकंदाला २ ते ३ मेगाबिट ठेवावी. इथे हार्डवेअर ट्रान्सकोडिंग कामी येते; ते नसेल तर एकाच बाहेरच्या प्रेक्षकामुळे संगणकाचा पंखा ओरडू लागतो.

हक्कांच्या बाबतीत घरातल्या वापराचीच चौकट पाळावी. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतात, म्हणजे १९६५ पर्यंत प्रदर्शित झालेले चित्रपट २०२६ च्या आरंभापासून त्यातून मोकळे झाले आहेत. त्यानंतरच्यांचे तसे नाही. नाटकाच्या रेकॉर्डिंगला मंडळाने दिलेली परवानगी घरी पाहण्यापुरती असते. गावातल्या सगळ्यांना खाती वाटून घरचा सर्व्हर म्हणजे चित्रपटगृह करू नये, कारण याच मंडळांची पुढच्या मंडईतली तिकिटे आपल्याला विकत घ्यायची असतात.

नव्या आवृत्तीवर जाताना घाई करू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या १०.११ या आवृत्तीत डेटाबेसची अंतर्गत रचनाच बदलली आहे. अशा बदलानंतर जुन्या आवृत्तीवर परत जायचे तर आधी काढून ठेवलेली प्रतच लागते, म्हणून सर्व्हर बंद करून त्याचे डेटा आणि कॉन्फिगरेशनचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून मगच अद्ययावत करावे. डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे, आणि तो वीज गेली तरी सहसा सावरतो, पण लिहिणे चालू असताना ती वारंवार अचानक गेली तर बिघाडाचा धोका राहतो. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी असेल तर संगणकासाठी छोटा यूपीएस वेगळा घ्यावा. माध्यमांच्या डिस्कची दुसरी प्रत आम्ही ब्रह्मपुरीला मामांकडे ठेवतो आणि मंडईचा हंगाम संपला की होळीच्या सुमारास तिच्यात नवीन नाटके भरतो.